रक्त हिरडीतून, शोध माउथवॉशचा!

तोंडाच्या वासाबद्दल विचारणारे बरेच जण शेवटी जाता जाता एक ओळ लिहितात, 'तसं ब्रश करताना थोडं रक्त येतं.' अहो, सुरुवात तिथूनच करायची!

प्रश्न : दोनदा ब्रश करूनही तोंडाला वास येतो. पोट साफ होत नसल्यामुळे असेल का?

बहुधा नाही. हा वास बहुतेकदा तोंडातच तयार होतो. जिभेचा मागचा भाग आणि दातांमधल्या फटी इथे ब्रश नीट पोहोचतच नाही. तिथले जिवाणू अन्नकण आणि मेलेल्या पेशी कुजवतात, त्यातून गंधकयुक्त वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइड हा त्यातलाच, नासक्या अंड्याच्या वासाचा. जीभ रोज घासा, फटींसाठी फ्लॉसचा दोरा किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरा. पोटाच्या औषधानं जीभ साफ होत नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दात दाखवून घ्या.

प्रश्न : फक्त सकाळी उठल्यावर वास येतो. आजार आहे का?

नाही. झोपेत लाळ कमी होते म्हणून येतो. ब्रश केल्यावर जात असेल तर विसरून जा.

प्रश्न : कोणता माउथवॉश सगळ्यात चांगला?

कशासाठी, ते आधी सांगा. नुसता वास झाकायचा असेल, तर कुठलाही झाकेल, थोडा वेळ. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश जिवाणूंवर खरंच काम करतो. पण तो महिनोन्‌महिने वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही बिघडते. किती दिवस वापरायचा, ते दंतवैद्याला ठरवू द्या, बाटलीवरच्या हसऱ्या चेहऱ्याला नको.

प्रश्न : हिरड्यांतून रक्त येतं, वासही येतो. स्केलिंग (दातांवरचा कडक थर खरवडून काढणं) सांगितलंय, पण त्यानं दात हलतात, फटी पडतात असं सगळे म्हणतात. थांबू का?

हे 'सगळे' मला एकदा भेटायला हवेत. त्यांच्यापायी लोक वर्षानुवर्षं थांबतात आणि दात हातात यायची वेळ झाली की येतात.

नीट समजून घ्या. दातांवरचा चिकट थर निघाला नाही, की लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचं कीटण बनतं. ते ब्रशनं निघत नाही. त्यावर पुन्हा थर बसतो, हिरडी सुजते, रक्त येतं. इथवर सगळं परतवता येतं. पुढे हिरडी दातापासून सुटते आणि दोघांमधली खाच खोल होत जाते. एक ते तीन मिलिमीटर खोली ठीक. चार किंवा जास्त असेल तर आम्ही दंतवैद्य सावध होतो. अशा खोल खाचेत हवा पोहोचत नाही, म्हणून दुर्गंधी सोडणारे जिवाणू तिथे सुखानं नांदतात. खाली दाताला धरून ठेवणारं हाड झिजत असतं, आणि तेही बहुतेकदा न दुखता! झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

म्हणजे दात हलतो तो हाड गेल्यामुळे, स्केलिंगमुळे नव्हे. कीटणाच्या कवचात तो घट्ट वाटत होता, एवढंच. फटही आधीपासून होती, कीटणानं बुजलेली. सूज उतरली की ती दिसते. स्केलिंगनंतर काही दिवस दात शिवशिवतात, तेही खरं. बहुधा कमी होतं. रक्त येतं म्हणून त्या बाजूनं ब्रश करणं तर मुळीच सोडू नका, मऊ ब्रश घ्या. आणि थांबू नका, याच आठवड्यात वेळ घ्या.

प्रश्न : वडील सिगारेट ओढतात, मधुमेहही आहे. तोंडाला वास येतो, पण रक्त येत नाही. म्हणजे हिरड्या ठीक ना?

असं समजू नका. धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त येणं कमी होतं, त्यामुळे धोक्याची खूणच लपते. मधुमेहात साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरणं अवघड होतं. खाचांची मोजणी आणि गरज पडल्यास एक्स-रे करून घ्या. मधुमेहाच्या डॉक्टरांनाही कळवा.

प्रश्न : मला सतत वाटतं की वास येतोय. घरचे म्हणतात, येत नाही. खरं कोण?

आपल्या वासाला आपलं नाक सरावतं, त्यामुळे या बाबतीत त्याची साक्ष कच्ची. एकदा तपासणी करा. तिथेही काही सापडलं नाही आणि तरी माणसांत जाणं टाळत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. तिसरा माउथवॉश आणू नका.