आधी विचार, पोट उघडते का

बेटा,

काल जिन्यात उभं राहून तू मला ते स्क्रीनशॉट दाखवले ना, एकामागून एक ९ लॅपटॉप, आणि शेवटी म्हणाली "काकू तुम्हीच सांगा, मी तर पागल होऊन राहिली". मी "पाहू" म्हणून दार लावलं कारण गॅसवर दूध होतं. पण रात्री काही झोप लागली नाही. तुझ्या बाबांनी आरडी मोडून ७० हजार दिले हे तू दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तुझा आवाज बारीक झाला. म्हणून लिहून राहिली. बोलताना मी फाटे फोडते, लिहितानाही फोडीन, वाचून घे.

पैसे जपून वापर वगैरे मी सांगणार नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त समजते. मला एकच विचारायचं आहे. त्या नवापैकी कितींचं पोट उघडते?

पोट म्हणजे खालचं झाकण. स्क्रू काढले की रॅमची (चालू कामाच्या मेमरीची) पट्टी बदलता येते का, एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) काढून मोठी टाकता येते का, बॅटरी सुटी निघते का. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये रंग होता, जाडी होती, स्टार होते, कोणत्या कार्डावर किती कॅशबॅक तेही होतं, पण हे एकातही नव्हतं. आणि नऊही जण खात्रीनं सांगून राहिले होते की "फ्युचर प्रूफ" घे, म्हणजे पुढंही पुरणारा. कोणाचं फ्युचर बाप्पा? तुझं फ्युचर तुलाच माहीत नाही, त्यांना काय माहीत राहणार!

माझं ऐक. १९९९ मध्ये मी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. टायपिंगच्या परीक्षा पास होती, मराठी ३०, इंग्रजी ४०, आणि कोर्टाच्या कामाचे अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट टाइप करून द्यायची. इथं नागपूरलाच सीताबर्डीवरून असेंबल करून आणला, ३२ एमबी रॅम (एमबी बरं का, जीबी नाही), ४ जीबीची हार्डडिस्क आणि मॉनिटर एवढा जड की ऑटोत मांडीवर घेऊन बसली तर घरी येईपर्यंत पाय बधिर. मला वाटलं झालं, आता आयुष्यभर अर्ज टाइप करीन. दोन वर्षांत लग्नपत्रिका यायला लागल्या, गणपतीचं चित्र टाकलं की मशीन थांबायची, मग रॅम वाढवली. मग शाळांच्या प्रश्नपत्रिका, मग एका दिवाळी अंकाचं काम, हार्डडिस्क भरली तर दुसरी लावली. सीडी रायटर बसवला. उन्हाळ्यात एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, जळाला, दोनदा. शेवटी मदरबोर्डही बदलला. कॅबिनेट तोच, दातासारखा पिवळा पडलेला, २०११ पर्यंत. बारा वर्षांत माझं काम पाच वेळा बदललं आणि पुढं काय लागणार हे मला एकदाही आधी समजलं नव्हतं. एकदाही नाही. समजायची गरजच नव्हती, पोट उघडत होतं ना.

आणि एवढं सगळं करून २०१६ मध्ये मीच माती खाल्ली. कोणत्या कंपनीचा ते सोड. भाषांतराचं काम ईमेलवर यायला लागलं होतं, वाटलं आता आपणही छान पातळ लॅपटॉप घेऊ, पर्समध्ये मावणारा. गुलाबीसर सोनेरी रंग. २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, दोन्ही बोर्डावर पक्के चिकटवलेले. दुकानदार म्हणे, मॅडम तुमच्या टायपिंगले खूप झालं. खोटं नाही बोलला तो, त्या दिवशी खूपच होतं. आठ महिन्यांनी सिस्टिमचं मोठं अपडेट आलं, त्याला जेवढी मोकळी जागा पाहिजे तेवढी मशीनमध्ये राहिलीच नव्हती. फोटो काढले, फाइली काढल्या, माझे मराठी फॉन्टसुद्धा काढले, तरी "जागा कमी आहे". मग एका रात्री स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली. झाकण काढलं तर आत तळहाताएवढा हिरवा बोर्ड, बाकी सगळी काळी बॅटरी, आणि बदलण्यासारखी एकही वस्तू नाही. १७ वर्षं कॅबिनेट उघडत आलेली बाई मी, आणि रंगाला भुलली! तो अजून माळ्यावर आहे. दिवाळीत सफाईला खाली येते, मी त्याच्याकडे पाहते, परत वर जाते. तुझे काका दरवर्षी विचारतात भंगारात देऊ का. नाही देत मी.

आता तुझं. तू म्हणाली पुढं डेटा सायन्स करीन, कदाचित व्हिडिओ एडिटिंग शिकीन, कदाचित गेमिंगही. या तीन कदाचितांसाठी तू तो लाल लाइटवाला गेमिंग लॅपटॉप पाहून राहिली आहे. मला सांग, मागच्या आठवड्यात तू काय काय केलं? मी विचारलं तर तू बोटं मोजली: पायथन प्रोग्रामिंगचा क्लास, एक्सेल, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब, एक रील, आणि मामेभावाकडे दिवाळीत खेळलेला गेम जो मागच्या आठवड्यातला नव्हताच. हे सात दिवस कागदावर लिही. फोनवर नाही, कागदावर. जे लिहिलं जाईल तेवढ्यासाठी मशीन घे, आणि जे लिहिलं नाही त्याच्यासाठी एक रिकामा स्लॉट ठेव. इथल्या मिहानच्या आयटी पार्कात किंवा पुण्याला आयटीत नोकरी लागली तर बहुतेक कंपनीच आपला लॅपटॉप देते, आणि त्याच्यात तुझं घरचं काम करू देत नाही. म्हणजे ज्या नोकरीसाठी तू आज ७० हजार घालून राहिली त्या नोकरीत हा लॅपटॉप पलंगावर पडून राहीन. हे कोणी नाही सांगत.

नागपूरचंही कोणी नाही सांगत. लॅपटॉपच्या माहितीपुस्तकात मागं कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असते की ३५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत वापरा. ३५! मे २०१३ मध्ये आपल्याकडे ४७.९ गेलं होतं, आणि तुमच्या वरच्या मजल्यावर स्लॅब तापला की रात्री अकराला पंख्याखाली ३५ असेल तर नशीब समज. गेमिंगच्या मशीनचा पंखा आधीच बोंबलत असते, त्यात तुमचा तो कूलर. मागच्या जूनमध्ये माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघर करायला लागला म्हणून उघडला. स्क्रू एकेक काढून शेवयांच्या डब्याच्या झाकणात ठेवले, नाहीतर एखादा हमखास सतरंजीत जाते. जुन्या एटीएम कार्डानं कडेनं टक् टक् करत झाकण उचललं. पंख्याच्या जाळीवर राखाडी धुळीची पोळी जमलेली, आणि तिच्यात वाळ्याच्या काड्या! कूलरच्या ताट्यांतल्या, बारीक, पिवळ्या, ओळीनं विणल्यासारख्या. चिमट्यानं ती पोळी अख्खी निघाली. ब्रश मारला, झाकण लावलं, मशीन गुमान. १५ मिनिटं आणि शून्य रुपये. पोट उघडत नसतं तर? सर्व्हिस सेंटरला चार दिवस आणि वर "मॅडम मदरबोर्ड बदलावा लागेल".

आणि मे महिन्यात लॅपटॉप गाडीच्या डिक्कीत ठेवून कॉलेजला जायचं नाही. बॅटरीला उन्हाइतकं वाईट काही नाही. बॅटरी कधीतरी जाणारच आहे, तुझी-माझी सगळ्यांची जाते, म्हणून ती बदलता आली पाहिजे. परत तेच. हो, मी परत परत तेच म्हणून राहिली, कारण तू परत परत रंग दाखवून राहिली.

दुकानात काय विचारायचं ते सांगते. "रॅम स्लॉटवर आहे की ऑनबोर्ड?" ऑनबोर्ड म्हणजे चिकटवलेली. पोरगा अडखळला तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः पाह. एलपीडीडीआर लिहिलेलं दिसलं की समजायचं जवळजवळ नक्कीच चिकटवलेली आहे, एसओ-डिम लिहिलं असेल तर स्लॉट आहे. एसएसडीसाठी एम.२ स्लॉट किती आणि त्यातला रिकामा कोणता. चार्जिंग टाइप-सीनं होते का, म्हणजे एका चार्जरवर फोन पण आणि लॅपटॉप पण. स्क्रीन दुकानाच्या लाइटखाली नको पाहू, दारापाशी नेऊन पाह, आणि एक मराठी पान उघड १०० टक्क्यांवर, जोडाक्षरं वाचता वाचता डोळे बारीक करावे लागले तर सोडून दे. वजनात चार्जर धर, गेमिंगवाल्याचा चार्जरच विटेसारखा असते.

आता रिफर्बिश्डचं, म्हणजे वापरलेला, दुरुस्त करून परत विकायला ठेवलेला. तुझ्या आईनं नाक मुरडलं ते मी पाहिलं. मी स्वतः थिंकपॅड टी४८० लॅपटॉप वापरून राहिली, २०१८ चं मॉडेल, कोणत्या तरी कंपनीतून निघालेलं, बर्डीच्या मोदी नंबर तीनच्या गल्लीत घेतलं. रॅमचे दोन स्लॉट, आणि बॅटऱ्याही दोन, एक आत, एक मागून काढता येते, चालू मशीनमध्ये. लाइट गेली की मला फरक पडत नाही. पण तिथं एक गोष्ट पाह. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरवर, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, अधिकृतपणे चालत नाही. काही दुकानदार सहाव्या-सातव्या पिढीवरही जुगाड करून ११ टाकून देतात आणि मस्त चालते म्हणून दाखवतात. प्रोसेसरच्या नावात आय५ च्या पुढचा आकडा वाच, ७२०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. इतकं सोपं आहे, आणि इतक्यासाठी लोक फसतात.

माझं सगळंच बरोबर आहे असं नाही. माझा पोरगा २०२० चा एम१ वाला मॅकबुक एअर वापरते, त्याची रॅम, डिस्क काहीच बदलता येत नाही, पंखासुद्धा नाही त्याच्यात, आणि पाच वर्षं झाली, एक दिवस त्रास नाही. दर सुट्टीत माझ्यासमोर मुद्दाम उघडून बसते. "आई, तुझं पोट काय म्हणते?" म्हणून हसते. मी म्हणते पैसे वाचवायला तू घेतला २५६ जीबी आणि आता कमरेला लटकवल्यासारखी ती बाहेरची डिस्क घेऊन फिरते, ते काय आहे मग? तो म्हणते चालते ना. चालते, खरं आहे.

दुसरं, मी लोकांना नेहमी सांगत आली की आज ८ जीबी घे, वर्ष-दोन वर्षांनी पट्टी टाक, स्वस्त पडते. आता २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भावच चढले, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी चिपा उचलल्या आणि आपण बोंबलत बसलो. मागच्या वर्षी मी ज्याला "नंतर टाक" म्हटलं तो पोरगा आता मला फोन करत नाही. तर तुझ्यासाठी बदलते, १६ जीबी आजच घे, पण स्लॉटवरच. माझं म्हणणं पडलं असं समजू नको. भाव खाली येतील तेव्हा स्लॉट असेल तोच टाकीन ना, चिकटवलेला काय चाटणार?

टॅबलेटचं तर नावच काढू नको. लॉकडाऊनमध्ये शेजारच्यांनी घेतला होता ऑनलाइन शाळेसाठी, आता त्याच्यावर आजोबा कीर्तन पाहतात, चांगलं आहे, पण तुझं पायथन तिथं होणार नाही. आणि फोन बदलायचा विचारही सध्या सोड. तुझा फोन हळू नाही झाला, तो भरला आहे, आणि बॅटरी थकली आहे. बॅटरी बदलून घे.

बाबांना सांगताना "सगळे हेच घेऊन राहिले" असं सांगू नको. कागद दाखव. ते हिशोबाचे माणूस आहेत, त्यांना कागद समजते. आणि ७० हजार आहेत म्हणून ७० च खर्च करायचे असं कुठं लिहिलं आहे? उरले तर २४ इंची मॉनिटर घे. तू त्या १४ इंचात मान घालून बसते ना, माझी मान पाहून घे एकदा. माझ्या सगळ्या मशिनी बदलता आल्या, ही नाही बदलता येत.

शनिवारी मला एका पत्रिकेचं प्रूफ द्यायचं आहे, रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आधी. बाबांचा तो जुना लॅपटॉप, जो चालू व्हायला दहा मिनिटं घेते, तो पण घेऊन ये. नवीन घ्यायच्या आधी त्याचं पोट पाहू, आत हार्डडिस्क असेल तर एसएसडी टाकून घरातला एक तरी प्रश्न मिटेल. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे. तर्री पोहे तू आण, कांदा वेगळा बांधून.

आणि हो, तुझ्या फोनचा टाइप-सी चार्जर काल माझ्याकडेच राहिला. थिंकपॅडला लावून पाहिला, हळू घेते पण घेते, म्हणून अजून दिला नाही.

— खालच्या मजल्यावरची काकू