रक्त ठिबकतंय म्हणजे ‘हीट’च असं नाही

अरे, नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या भुरी कुत्रीला महिनाभर रक्त ठिबकतंय म्हणतोस, तर हीट, म्हणजे माजावर आली, असं समजून बसू नको. शेपटी उचलून बघ. फुलकोबीसारखा लालसर, हात लागताच रक्त येणारा गोळा दिसला, तर तो बहुतेक टीव्हीटी, म्हणजे कुत्र्यांत समागमातून पसरणारा कॅन्सर. मीही पहिल्या कुत्रीचे तीन आठवडे असेच घालवले होते.

यात विषाणू नसतो. कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात, आणि त्या सगळ्या हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या! समागमातून पसरतो, हुंगण्या-चाटण्यातूनही. म्हणून नाकातून रक्त येणाऱ्यावरही नजर ठेव. माणसाला होत नाही.

सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात ने, गाठीचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर घेतलेल्या पेशी, बघू दे. व्हिनक्रिस्टीन हे कॅन्सरचं इंजेक्शन शिरेतून आठवड्यातून एकदा, साधारण 4 ते 6 डोस, दर वेळी आधी रक्त तपासून. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते, तेव्हा पाय घट्ट धर. दोन-तीन डोसांत गोळा आटतो आणि लोक कुत्रीला आणायचंच सोडतात, तिथंच घोळ होतो. नुसत्या नसबंदीनं गाठ जात नाही. नसबंदी नंतर कर.

आणि हे औषध चालू असताना तिची लघवी धुताना हातमोजे घाल बाप्पा.