भारतातून आलेल्या मुलीनं न्यू जर्सीच्या हायस्कूलमध्ये युएस हिस्टरी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की मुलगी दहावी करून न्यू जर्सीत येतेय, तर तिनं साधी युएस हिस्टरी घ्यावी की एपी (कॉलेजच्या पातळीचा, शेवटी वेगळी परीक्षा असलेला वर्ग), आणि सुरुवातीच्या काळाच्या सनावळ्या पाठ कराव्या लागतील का. शेवटी जाता जाता लिहिलंय, 'अडीचशे वर्षांचा देश, त्याला इतिहास तो काय असणार, तो वेळ गणिताला देता येईल.' मी उत्तर लिहितेय ते या शेवटच्या वाक्यामुळे. माझ्या सख्ख्या काकानं अगदी हेच मला ऐकवलं होतं, चार पाहुण्यांसमोर, आणि मोठ्यांना उलट बोलायचं नाही म्हणून मी गप्प बसले होते.

मी तासगावची. दहावीनंतर बाबांच्या नोकरीमुळे इकडे आले. आपल्याकडे इतिहास म्हणजे कारणे लिहा, टिपा लिहा. इथं एके दिवशी टीचरनी प्रत्येक बाकावर एक रंगीत चित्र ठेवलं, नाव-गाव कापून टाकलेलं. डावीकडे लोकांचा घोळका, अंगावर बरे कपडे, कोणाच्या हातात शस्त्र नाही, काही जण रक्तात पडलेले. उजवीकडे लाल कोटातले शिपाई सरळ रांगेत उभे राहून एकदम बंदुका झाडतायत. त्यांच्या मागं एक अधिकारी तलवार उगारून हुकूम देतोय. शिपायांच्या डोक्यावर इमारतीवर पाटी, 'खाटीकखाना' अशा अर्थाची. पुढं मधोमध एक लहानसं कुत्रं.

प्रश्न एवढाच होता: हे कोणी, कोणासाठी काढलं असेल?

मग दुसरा कागद आला. त्या अधिकाऱ्याची, कॅप्टन प्रेस्टनची, स्वतःची जबानी. जमावाकडे सोटे होते, बर्फाचे गोळे अंगावर येत होते, आणि आपण स्वतः शिपायांच्या बंदुकांच्या पुढं उभे होतो, असं तो म्हणतो. मी चित्र परत पाहिलं आणि हात वर केला. चित्रात तो रांगेच्या मागं आहे, जबानीत पुढं. गोळी झाडायचा हुकूम देणारा माणूस बंदुकीच्या तोंडासमोर कशाला उभा राहील? टीचरनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. पुढचे तास त्यावरच गेले.

घटना होती ५ मार्च १७७० ची, बॉस्टनची; इंग्रज शिपायांनी तिथं जमावावर गोळ्या झाडल्या. पाच माणसं मेली. चित्र पॉल रेव्हियर या बॉस्टनच्या इंग्रजविरोधी कारागिरानं छापलं, तेही चित्रकार हेन्री पेल्हमच्या चित्रावरून उचलून, आणि ते काही आठवड्यांत शहरात विकलं जात होतं. शिपायांचं वकीलपत्र घेतलं ते जॉन अ‍ॅडम्सनं, जो पुढं दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला आणि तेव्हाही इंग्रजांच्या करांच्या विरोधातच होता. प्रेस्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला. पुरावा दोन्ही बाजूंनी कसा वाचायचा हे मी त्या आठवड्यात शिकले, आणि आज ऑफिसात रोज तेच करते.

त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला काकाकडे जेवायला गेलो होतो. तिथं 'अडीचशे वर्षांचा इतिहास' हे वाक्य आलं. तेव्हा न दिलेलं उत्तर आता देते. बॉस्टनच्या बंदरात डिसेंबर १७७३ मध्ये तिथल्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. कंपनी डबघाईला आली म्हणून तिला सावरायला इंग्रज पार्लमेंटनं चहाचा कायदा केला होता, त्याच्याच विरोधात हे झालं. हीच कंपनी तेव्हा बंगालचा महसूल वसूल करत होती. १७८१ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये संपलेल्या टिपूविरुद्धच्या युद्धात त्याच्या बरोबरीनं मराठ्यांच्या फौजा होत्या, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या. आमच्या तासगावचं गणपतीचं देऊळ याच परशुरामभाऊंनी बांधलं. माझा काका त्या देवळासमोर लहानाचा मोठा झाला.

शिवाय अडीचशे हा आकडाच चुकीचा आहे. एपीचा अभ्यासक्रम १४९१ पासून, म्हणजे कोलंबसच्या आधीपासून सुरू होतो. तुम्ही ज्या राज्यात येताय ती लेनापी या मूळ रहिवाशांची जमीन. १६१९ मध्ये व्हर्जिनियात आफ्रिकन माणसं विकली गेली, आणि १६६२ मध्ये तिथं कायदा झाला की आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. त्या एका कायद्यानं पुढची दोनशे वर्षं घडवली. आणि न्यू जर्सीत १७७६ पासून मालमत्ता असलेल्या बायकांना मत देता येत होतं. १८०७ मध्ये ते काढून घेतलं. हे मुलीला नक्की सांगा.

आता तुमचा प्रश्न. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला दोन वर्षं अमेरिकेचा इतिहास करावाच लागतो, तेव्हा टाळायची सोयच नाही. वाचायची आवड असेल तर सरळ एपी घ्या. सनावळ्या फार नकोत, क्रम पक्का हवा: १७६३ ला इंग्रज-फ्रेंच युद्ध संपलं, इंग्रजांवर कर्ज चढलं, म्हणून १७६५ चा, छापील कागदांवर कर लावणारा स्टँप कायदा. हे कळलं की पुढचं आपोआप लागतं. परीक्षेत सात कागदपत्रं देऊन निबंध लिहायला लावतात, त्याला २५ टक्के गुण आहेत, आणि त्याचा विषय १७५४ च्या पुढचाच असतो. क्रांती आणि राज्यघटनेवर वेळ घालवलेला फुकट जात नाही.

मात्र इंग्रजी वाचनाचा वेग कमी असेल तर आधी साधा वर्ग घ्या, त्यात कमीपणा नाही. टीचर कोण मिळतात यावरही पुष्कळ आहे, माझ्या नशिबानं चांगल्या मिळाल्या. परीक्षेचं स्वरूप बदलत असतं, त्या वर्षीचं बघून घ्या. तुमच्या मुलीला दहावीतून नेमकं कोणत्या वर्षाला बसवतील हे शाळाच सांगेल.

आणि घरात कोणी म्हणालं की त्यापेक्षा कॅल्क्युलस घे, तर एपीचे हे दोन्ही विषय एकाच वर्षी घेता येतात. मी घेतले होते. दोन्हींत पाचपैकी पाच आले.