शेड टाकू का? मागणी आहे, पण ती कुठल्या वारी?

कोरेगावकडच्या एका सदस्याचा प्रश्न आहे: पुण्यातली नोकरी सोडून गावी ५००० पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड टाकावं म्हणतो. चिकनचा खप दरवर्षी वाढतोय, बँक कर्ज द्यायला तयार आहे, मग घरचे का अडवतात? मी वाळवा तालुक्यात सोळा वर्षं शेड चालवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

खप वाढलाय हे खरंच. माझ्या लहानपणी मटण म्हणजे जत्रेला, आणि कोंबडं कापायचं ते पाहुणा आला तर, तेही दारातलं. आज आमच्या एवढ्याशा गावात चिकनची चार दुकानं आहेत आणि रविवारी चारींपुढे गाड्यांची रांग लागते. पण ही गर्दी वारावर आणि तिथीवर चालते. सोमवार, गुरुवार, शनिवार दुकानदार माश्या मारत बसतो. आखाडात खप उसळतो, गटारीला त्याला मान वर करायला सवड नसते, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. तो संपतो तोवर गणपती, पुढं नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार. २०२३ ला अधिक श्रावण आला तेव्हा अधिकात खायचं की नाही यावरून आमच्या घरात आई एका बाजूला आणि पोरं दुसऱ्या बाजूला. वाद मिटेपर्यंत शेडमधला पक्षी रोज दीड-पावणेदोनशे ग्रॅम खाद्य रिचवतच होता.

खरी गोम तिथंच आहे. ऊस तोड लांबली तर फडात उभा राहतो, कोंबडी राहत नाही. अंड्यातून पिल्लू यायला २१ दिवस, शेडवर साधारण ४० दिवस; म्हणजे गटारीला विकायच्या पक्ष्याचं अंडं दोन महिने आधीच उबवणीच्या मशीनमध्ये गेलेलं असतं. चाळिशीत दोन किलोवर गेलेल्या पक्ष्याला किलोमागे १.६ किलोच्या आसपास खाद्य लागतं. तोच पन्नास दिवस अडकला की खाद्य जातं जास्त आणि वजन त्या मानानं येत नाही. वर दुकानदार म्हणतो, तीन किलोचा नको, गिऱ्हाईक किलोभर मागतं. तंदुरीवाल्या हॉटेलला तर सव्वा किलोच्या आसपासचाच लागतो.

तुम्ही म्हणाल, मी कंपनीशी करार करणार, बाजाराचा धोका कंपनीचा. पिल्लं, खाद्य, औषधं तिची. शेड, वीज, पाणी, खाली अंथरायचं तूस, मजुरी तुमची. आणि किलोवर ठरलेली संगोपनाची रक्कम. बरोबर आहे. दर पडला म्हणून तुमची रक्कम लगेच पडत नाही. पण कंपनीही खुळी नाही. खप कमी झाला की ती पुढची पिल्लं उशिरा टाकते. हिशेब करून बघा: ४० दिवस लॉट, म्हणजे एका खेपेचे पक्षी, आणि १५ दिवस सफाई धरली तर वर्षाला सहा लॉट सहज होतात. सफाईनंतर शेड आणखी वीस दिवस रिकामं राहिलं तर पाचही होत नाहीत. गिऱ्हाइकाचा श्रावण तुमच्यापर्यंत असा पोचतो, रिकाम्या शेडच्या रूपानं. बँकेचा हप्ता मात्र श्रावण पाळत नाही. तेव्हा कर्जाचा हिशेब सहा लॉटवर मांडून दिला असेल तर तो कागद परत करा आणि साडेचारवर मांडायला सांगा.

अफवेचा तडाखा वेगळाच. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमधून कोरोना होतो असं मोबाईलवर फिरलं आणि जिवंत पक्ष्याचा दर किलोला दहा रुपयांच्याही खाली गेला. आमच्या भागात लोकांनी पक्षी फुकट वाटले. त्या धास्तीनं कुणी पिल्लंच टाकली नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांत चिकन असं महागलं की तेच गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायला लागलं. ज्यांच्या शेडात तेव्हा पक्षी होता ते तरले. त्यात हुशारी कुणाची नव्हती, माझीही नाही. माझा लॉट योगायोगानं त्या वेळी निघाला.

खाद्याची बाजू लोक विसरतात. मका आणि सोयापेंड, खर्चाचा मोठा वाटा यांचाच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. माझं दोन एकर सोयाबीन नदीकाठी उभं, म्हणून मी खूश. शेडचा विचार आला की पोटात गोळा. मग केंद्रानं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, तसा दर उतरला आणि माझी ही दोन्ही तोंडं उलटी फिरली. आता मक्याला इथेनॉलवाले गिऱ्हाईक झालेत. कोंबडीच्या ताटात गाडीच्या टाकीनं हात घातलाय, हे शहरातल्या खाणाऱ्याच्या गावीही नसतं.

कुणी सल्ला देईल, ब्रॉयलर सोडा, गावरान करा. कराडपासून पेठ नाक्यापर्यंत हायवेला 'गावरान चिकन'च्या पाट्या मोजा आणि विचार करा, एवढी गावरान कोंबडी आहे कुठं? बरीचशी वनराजा, गिरिराज किंवा कावेरी अशा सुधारित जातीची असते. जात चांगली आहे, चवही बरी, पण गावरान नव्हे. दारातल्या खऱ्या गावरानला विक्रीलायक व्हायला पाच-सहा महिने लागतात. तेवढा दर द्यायची तयारी असणारं गिऱ्हाईक आहे, पण ते मोजकं.

आणि कडकनाथ आठवतोय ना? मध्य प्रदेशातल्या झाबुआचा काळा पक्षी, २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. आमच्याच तालुक्यातून निघालेली योजना २०१९ ला कोसळली. हमीभावानं अंडी-पक्षी परत घेणार म्हणून सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी पैसे भरले. माझ्या चुलतभावानंही. मी त्याला एकच विचारलं होतं, "ही अंडी शेवटी खातंय कोण?" तो म्हणाला, "कंपनी घेते." ताटात वाढलेलं अंडं त्यानं पाहिलं नव्हतं, मीही नाही. अंड्यांची पिल्लं होत होती आणि पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला विकली जात होती. पुढचा शेतकरी यायचा थांबला त्या दिवशी पिंजऱ्यातला पक्षी कुणालाच नको झाला.

तुमच्यासाठी म्हणाल तर नोकरी एवढ्यात सोडू नका. कोरेगाव-साताऱ्यातली पाच-सहा चिकन दुकानं धरा, एकदा बुधवारी आणि एकदा रविवारी तासभर उभे राहा. किती वजनाचा पक्षी जातो, माल कुठून येतो, श्रावणात किती घटतं हे दुकानदार चहा पाजला की सगळं सांगतो. ज्या कंपनीशी करार करणार तिच्या दोन जुन्या शेतकऱ्यांना गेल्या वर्षीच्या लॉटच्या तारखा विचारा, रक्कम नंतर.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही. शेडची वीज गावठाणाच्या लाईनवरून (फीडरवरून) येणार की शेतीच्या? एप्रिल-मेच्या दुपारी पंखे आणि गारव्यासाठी पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर बंद पडले तर तासाभरात मरतुक लागते. ते आधी कळवा, मग पुढचं बोलू.