फोटो कोणी काढला, तेही लिहा

(छायाचित्रणाविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. हे द्राक्षबाग बघतात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. या हिवाळ्यात दोघांनी मिळून रोज एक फोटो काढायचा, थंडीतलं आपलं रोजचं जगणं टिपायचं, असं चंपाषष्ठीला ठरवलं. पहिले दहा-बारा दिवस हुरूप होता. शेकोटी झाली, धुकं झालं, भाकरी झाली, गाईच्या नाकातून निघणारी वाफ झाली. आता रोज तेच ते वाटतं. शिवाय दोघांच्या फोटोंतून एक निवडताना वाद होतो आणि बहुतेक वेळा यांचाच फोटो राहतो, कारण यांचा मोबाईल चांगला आहे. चालू ठेवावं का? ठेवायचं तर कसं?

उत्तर : चालू ठेवा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना आमचा जुना अल्बम खाली काढला. आम्ही पिंपळगावला बरीच वर्षं स्टुडिओ चालवला. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. स्टुडिओ बंद केला त्या हिवाळ्यात ह्यांना हात रिकामे सहन होईनात, म्हणून आम्हीही तुमच्यासारखंच ठरवलं होतं. रोज एक फोटो, घरातला किंवा घराच्या आसपासचा. एकच कॅमेरा, दोघांच्या हातात आळीपाळीने. होळीपर्यंत 96 फोटो झाले. अल्बम बघताना मुलीने विचारलं, "आई, यातले तू काढलेले कुठले?" आणि मला सांगता येईना. चार तेवढे नक्की ओळखता आले. त्यांत मागच्या अंगणातला पाण्याचा बंब समोरून दिसतो, बाकीच्यांत जरा वरून. ह्यांची उंची पावणेसहा फूट, माझी चार फूट अकरा. तेवढ्यावरून.

म्हणून तुमच्या शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करते, तीच मला सगळ्यात मोठी वाटते. दोघांतून एक निवडू नका. विषम तारीख तुमची, सम तारीख यांची. ज्याची तारीख त्याचा फोटो, दुसऱ्याने त्यावर मत द्यायचं नाही. आणि चांगला मोबाईल ज्याची पाळी त्याच्या हातात. फोटोखाली तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव त्याच दिवशी लिहा. उद्यावर टाकलं की राहतं.

हा नावाचा आग्रह मी उगाच धरत नाही. होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही शाळेत मुलांना सांगितलं असेल. 1913 साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. पती माणेकशा यांच्यासोबत त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि त्यांची सुरुवातीची छायाचित्रं छापून आली ती माणेकशांच्या नावाने. पुढे त्यांनी स्वतःच्या नावावर केवढं तरी काम उभं केलं, 2011 साली पद्मविभूषण मिळालं. पण त्या पहिल्या छायाचित्रांखालचं नाव पतीचं होतं, ते होतंच. तुमच्याच तालुक्यात ऊसतोडीला येणारी माणसं बघा. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघं मिळून एक मोजले की त्यातलं कुणाचं काम दिसत नाही, हे सांगायची गरज नाही. तुमच्या हिवाळ्याचा असा कोयता होऊ देऊ नका.

आता 'तेच ते'विषयी. तुम्ही दहा-बारा दिवसांत हिवाळ्याची सगळी ठळक चित्रं संपवलीत: शेकोटी, धुकं, वाफ. ही चित्रं सगळ्यांच्याच मनात आधीपासून असतात, म्हणून ती पहिल्या आठवड्यातच संपतात. आता खरं काम सुरू होतंय. माझं ऐकाल तर नवीन जागा शोधायला जाऊ नका. एक जागा ठरवा आणि तिथेच रोज उभं राहा. तुमच्या घराची पूर्वेची पडवी, बागेच्या बांधावरचा एखादा खांब, शाळेच्या व्हरांड्याची पायरी, कुठलीही. आम्ही बंबाजवळ उभे राहायचो. पहिल्या आठवड्यात मलाही वाटलं, बंबात काय रोज बघायचं? मग दिसायला लागलं की कडाक्याच्या दिवशी धूर वर न जाता अंगणभर पसरतो, आणि ढगाळ, उबदार पहाटे सरळ वर जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं, पण धुरावरून मला आधीच अंदाज यायचा. एका सकाळी बंबाशेजारी शेजारच्या आजींची रिकामी बादली दिसली नाही. त्या मुलीकडे मुंबईला गेल्या होत्या. बादली नसलेला तो फोटो आज माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोंपैकी आहे.

एकाच जागी उभं राहिल्यावर ऊन बघता येतं, आणि हिवाळ्याच्या फोटोत निम्मं काम उन्हाचं असतं. आपण साधारण वीस अंश अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या 21-22 तारखेला भर दुपारी साडेबाराच्या सुमाराससुद्धा सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे भर दुपारी माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. मेच्या विशीत हीच सावली पायाखाली नाहीशी होते. उन्हाळ्यात दुपारी चेहऱ्यावर डोळ्यांच्या खाचा पडतात म्हणून आम्ही बाहेरचे फोटो टाळायचो. हिवाळ्यात दुपारचं ऊनही तिरपं, मऊ. दुपारच्या सुट्टीत मुलं शाळेच्या भिंतीला टेकून उन्हात बसतात ना, तो फोटो दुपारचाच काढा. आणखी एक गोष्ट. सगळ्यात लहान दिवस डिसेंबरात असला तरी सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या सुमारास. म्हणजे भोगीची बाजरीची भाकरी तुम्ही थापता तेव्हा बाहेर अजून अंधार असतो. त्या अंधारात चुलीचा किंवा गॅसचा उजेड एका बाजूने तुमच्या हातांवर पडतो. दिवा लावू नका, फ्लॅश तर मुळीच नको. हात जरा हलले, फोटो थोडा पुसट आला तरी ठेवा.

वाफ आणि धूर यांच्याबाबत आम्ही लग्नांच्या पंगतींत शिकलो ते सांगते. उजेड मागून आणि पाठीमागची जागा काळोखी, तरच वाफ दिसते. पांढऱ्या भिंतीपुढे चहाचा कप ठेवलात तर तो गार झाल्यासारखा येतो. धुक्यात उलटं होतं. मोबाईल धुक्याला जास्तीचा उजेड समजतो आणि फोटो करडा करून टाकतो. पडद्यावर बोट टेकवलं की बाजूला छोटं सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवा, धुकं धुक्यासारखं पांढरं येईल.

बागेतलं काम तर एवढं आहे की तुम्हाला विषय कमी पडतायत हे वाचून मला नवल वाटलं. मग लक्षात आलं, रोज करणाऱ्याला ते काम दिसतच नाही. थंडी वाढली की मणी तडकतील म्हणून रात्री बागेत पेटवलेल्या शेकोट्या, पहाटे सोडलेलं ठिबक, घडांची विरळणी करताना बायकांच्या बोटांतल्या छोट्या कात्र्या. आणि पिंक बेरी येऊ नये, म्हणजे मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून एकेका घडाला गुंडाळलेला कागद! कागद लावलेल्या बागेत सकाळी आठला उन्हाकडे तोंड करून उभं राहा. वर पानांचा मांडव आणि खाली शेकडो कागदी कंदील उजळल्यासारखे दिसतात. शेजारच्या वावरात उन्हाळ कांद्याची लागवड चालली असेल, वाकलेल्या बायकांची रांग. तिथे विषम तारखेला तुम्ही जा, सम तारखेला हे जातील. एकाच रांगेचे दोघांनी काढलेले दोन फोटो शेजारी लावून बघा. माझी खात्री आहे, हे बांधावरून काढतील आणि तुम्ही रांगेत बसून.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. लागवडीच्या बायका असोत की ऊसतोडीच्या कोप्यांतली, त्या तात्पुरत्या झोपड्यांतली माणसं, आधी विचारायचं आणि नाही म्हणाले तर मोबाईल खिशात. हो म्हणाले तर चार बाय सहाची एक प्रिंट त्यांच्या हातात द्यायची, कबूल करून विसरायचं नाही. कोप्या उठून गेल्या की पत्ता लागत नाही, म्हणून आठवड्याच्या आत द्या. आणि शाळेतल्या मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. पाठमोरी, सावल्या, काढून ठेवलेल्या चपलांची ओळ, एवढ्यावरही शाळा उभी राहते.

रोज एकच फोटो ठेवायचा, हा नियम मोडू नका. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन यांनी 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉईड काढला आणि 25 ऑक्टोबर 1997 रोजी मृत्यू येईपर्यंत काढत राहिले. एक दिवस, एक फोटो. आपण तर चंपाषष्ठी ते होळी, जेमतेम अठ्ठ्याण्णव दिवसांबद्दल बोलतोय. होळी जळाली, थंडी पळाली, तिथे थांबा. वर्षभराचा संकल्प करू नका.

आणि फोटो मोबाईलमध्येच ठेवू नका. आमच्या त्या 96 दिवसांतले शेवटचे 19 फोटो आज फक्त कागदावर आहेत. मूळ फाईली होत्या त्या मेमरी कार्डावर मी दुसऱ्या वर्षी चुकून नवीन फोटो घेतले. प्रिंट काढल्या नसत्या तर तेही गेले असते. दर रविवारी आठवड्याचे सात फोटो आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा, आणि महिन्यातून एकदा प्रिंट.

प्रश्न : आम्ही दोघं मूळचे सांगलीचे, आता कॅनडात एडमंटनला असतो. आम्हीही रोज एक फोटो काढतो. बाहेर उणे 20 असलं की कॅमेऱ्याची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते, घरात आलो की लेन्सवर पाणी. बर्फही राखेसारखं येतं. उपाय?

उत्तर : बॅटरी मेलेली नसते, गारठलेली असते. आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. उबेत आली की तीच बॅटरी पुन्हा चालते. लेन्सवरचं पाणी म्हणजे घरातल्या हवेतला दमटपणा, गार काचेवर दव धरतो. दाराबाहेरच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, पिशवी घट्ट बंद करा, आणि आत आल्यावर तास-दोन तास उघडू नका. फोटो लगेच बघायचे असतील तर कार्ड बाहेरच काढून घ्या. बर्फाचं कारण निफाडच्या धुक्याचंच: कॅमेरा पांढऱ्याला करडं करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा (कॅमेऱ्यातल्या +/- खुणेवर +1 ते +1.5).

डिसेंबरअखेरीस तुमच्याकडे सूर्य पावणेनऊनंतर उगवून सव्वाचारला मावळतो. दोघंही नोकरीवर असाल तर आठवड्याचे पाच दिवस उजेड ऑफिसच्या खिडकीतूनच दिसणार. मग तसाच काढा, आपापल्या खिडकीतून, एकाच ठरलेल्या मिनिटाला. त्या दिवसांपुरते दोघांचे दोन फोटो चालतील, नावानिशी.

प्रश्न : आम्ही ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो. मुंबई-ठाण्यात थंडी असतेच कुठे? ना शेकोटी, ना धुकं. आमच्या हिवाळ्यात टिपण्यासारखं काय आहे?

उत्तर : खोबरेल तेलाची बाटली. पारदर्शक घ्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. चोवीस अंशांच्या आसपास खोबरेल गोठायला लागतं. एखाद्या पहाटे तळाशी पांढरा ढग धरेल, दुपारी विरघळेल. जास्त गार सकाळी पूर्ण घट्ट होईल आणि कुणीतरी ती बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करेल. रोज सकाळी सातला त्याच खिडकीत फोटो घ्या, एक दिवस एकाने, एक दिवस दुसऱ्याने. पातेलं कोण ठेवतं, तेही लिहा.