वाकळेचं पोट

प्रिय चिऊ,

सकाळी फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून सांगतो" म्हणालो, तेव्हा तुला वाटलं असेल, बाबा टाळतोय. टाळत नव्हतो. माझ्या मांडीवर उघडी वाकळ होती आणि दाताखाली दोरा. अशा वेळी माणसाला धड बोलता येत नाही.

तुझा प्रश्न असा: आजीने शनिवार-रविवार सोप्यात बसून दिवाळीपासून चाललेली वाकळ संपवली. मधलं शेवटचं तोंड शिवून टाकायच्या आधी तिने आत भाकरीचा एवढासा तुकडा सरकवला. का? कुजणार नाही का तो? आईला विचारलंस तर ती म्हणाली, "बाबाला विचार, त्यांच्याकडची पद्धत आहे ती." खरंय. तुझी आई पुण्याची. त्यांच्याकडे पिंजारी दारात येऊन कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा.

आजीला विचारलं असतंस तर तिने एका वाक्यात मिटवलं असतं: "उपाशीपोटी कुणाला धाडू नये गं." तुझ्याएवढा असताना मलाही एवढंच उत्तर मिळालं होतं. वाकळेला पोट असतं आणि ते रिकामं ठेवून शिवायचं नसतं, बास. सगळ्या घरांत हे करतात असं नाही. माझी मावशी तांदळाचे चार दाणे घालायची. पलीकडच्या काकू काहीच घालायच्या नाहीत, आणि त्यांच्याही वाकळा चांगल्या टिकल्या.

पण आधी वाकळ होते कशी ते सांगतो. तू वाईला पोचलीस तेव्हा अर्धी झाली होती, त्यामुळे खरी गंमत तुझी हुकली. (पुण्याकडे गोधडी म्हणतात, आपल्याकडे वाकळ. वस्तू तीच. आजीच्या पलंगाखाली ते काळं, टोचरं आहे ना, ती मात्र घोंगडी. ती लोकरीची, माणदेशातल्या धनगरांकडची. तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती तशी ताठ असते.)

पहिलं काम कपडे निवडायचं. नायलॉनच्या साड्या एकीकडे, त्या बोहारणीला. त्यांच्या बदल्यात पातेलं नाहीतर डबा येतो. सुती तेवढं वाकळेला. तेही जुनंच. नव्या कापडात खळ असते, ते आटतं, सुईला अडतं. दहा-बारा वर्षं धुतलेलं लुगडं आटायचं तेवढं आटून बसलेलं असतं आणि सुई अलगद जाते. तू जन्मलीस तेव्हा तुलाही आधी आजीच्या जुन्या पातळाच्या दुपट्यातच गुंडाळलं होतं. तुझ्या मावशीने आणलेला नवा झगा बाराव्या दिवशी बाहेर निघाला.

नऊवारी लुगडं आठ मीटरच्या वर भरतं. त्याचे चार तुकडे करायचे. दोन जोडून खालचं पान, दोन जोडून वरचं, त्याचा मधला जोड थोडा उघडा ठेवून. मध्ये आजोबांचं धोतर, उशांचे अभ्रे, माझे शाळेचे शर्ट, फाटकी चादर, जे असेल ते. बटणं काढून डब्यात, शिवणी उसवून कापड सपाट. मग सोपा झाडून, शेणाने सारवून (आता फरशी आहे, तेव्हा नव्हती) खालचं पान अंथरायचं आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आमच्याकडे एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर खल, एकावर दगड आणि चौथ्यावर मी. "हलू नकोस रे" एवढंच माझं शिक्षण. थरावर थर पसरताना आजी तळहाताने सुरकुती काठाकडे सारत न्यायची. एक सुरकुती आत राहिली तर ती वाकळ फाटेपर्यंत पाठीला लागते.

मग धावदोरा. कडेने सुरू करायचं आणि फेरी मारत मारत आत यायचं, चौकटीत चौकट, चौकटीत चौकट. बोटभर अंतरावर दुसरी फेरी. म्हणून शेवटचं तोंड नेमकं मधोमध उरतं, तेच वाकळेचं पोट. टाके नक्षीसाठी नसतात. आतले थर सरकू नयेत म्हणून ते पकडून ठेवतात. ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेची जास्त. तुझ्या फुगीर जाकिटात पिसं तेच काम करतात. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा ढोल्या गणपतीच्या घाटावर कृष्णेत धुवायला निघायच्या. ओली वाकळ काय जड होते! दोन बायका दोन टोकांनी पिळायच्या आणि मी बघायचो, कोण आधी हरतं.

पोट भरायचं काम एका वर्षी माझ्याकडे आलं. मला वाटलं, नुसती कोरडी भाकरी कुणाला आवडेल? म्हणून मी गुळाचा खडा घातला. चांगला मोठा. चौथ्या दिवशी मुंग्या. तू म्हणशील, आल्या तर काय झालं. अगं, त्या धावदोऱ्याच्या रेघेरेघेने चौकटीत चौकट चालत होत्या, आजीच्या टाक्यांचं मोजमाप घ्यायला आल्यासारख्या. वाकळ दोन दिवस उन्हात आणि मी सोप्याबाहेर. तुझ्या कुजण्याचं उत्तर यातच आलं: कोरड्या भाकरीचा नखाएवढा तुकडा वाळून चुरा होतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. गूळ ओलावा धरतो आणि मुंग्यांना बोलावतो.

आता माझ्या मांडीवरच्या वाकळेचं. मी इथे आलो तेव्हा आजीने बॅगेत कोंबलेली ती निळी, जी तू सोफ्यावर ओढून घेतेस. तुम्ही गेल्यावर मी ती इमारतीच्या तळघरातल्या यंत्रात घातली आणि वर सुकवायच्या यंत्रातही. बाहेर निघाली ती मधून भोसकल्यासारखी. आजीला सांगू नकोस, असं तुला म्हणणार होतो. मी स्वतःच सांगेन, पण शिवून झाल्यावर, असं ठरवलं होतं.

कालपासून बाहेर उणे १८ आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी चहा करून खिडकीशी बसलो आणि दुरुस्ती करायची म्हणून मधल्या फेऱ्या उसवल्या. वरचं लुगडं उचललं, खाली माझा शर्ट, खिशावर शाईचा डाग तसाच. त्याखाली आणखी टाके दिसले, आणि ते माझ्या वाकळेचे नव्हते. आत आणखी एक वाकळ होती, विटून एकाच मातकट रंगाची झालेली, टाके लांब लांब, घाईचे. आजीला फोन केला. ती म्हणाली, "ती व्हय, ती ह्यांची बोर्डिंगातली."

आजोबा साताऱ्याला शाहू बोर्डिंगात राहून शिकले हे तुला माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते १९२४ साली काढलं. आजोबा तिथे गेले ते बरंच नंतर, एक पेटी आणि वाकळेची वळकटी घेऊन. ती वळकटी त्यांच्या आईने शिवलेली. जीर्ण झाल्यावर आजीने टाकली नाही, माझ्या वाकळेचं भरण केली. म्हणजे इतकी वर्षं मी आजोबांची वाकळ अंगावर घेत होतो आणि मला पत्ता नव्हता. आजीला वाटलं, हे मला ठाऊकच असणार. यंत्रात घातल्याचंही त्याच फोनवर सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "दोरा कुठला वापरतोयस?"

काल आणि आज मिळून अकरा तास शिवलं. माझे टाके वाकडे आहेत, तू हसशील. शेवटी हातभर तोंड उरलं आणि आठवलं की घरात ज्वारीचं पीठ नाही. पाव घालायला मन होईना. मग तुमच्या जाण्याआधीचा तो गुळाचा खडा सापडला, डब्याच्या तळाशी. घातला. या थंडीत मुंग्या येतील कुठून?

शिवताना एक मनात आलं ते सांगतो, पटतंय का बघ. शेजारच्या आजींनी परवा मला सूप दिलं. त्यांचं भांडं मी धुऊन तसंच परत नेऊ शकलो नाही, दोन लाडू टाकले. त्यांना कळलं नाही हे कशाबद्दल. तू गेल्यावर रोज बघत असशील, आजीकडे कुणाचाही डबा रिकामा परत जात नाही, चिमूटभर साखर का होईना. तुम्ही निघाल तेव्हा ती आईची ओटी भरेल, तांदूळ, नारळ, खण. वाकळही तिच्या हातून निघून कुणाकडे तरी जाते. माझ्या अंदाजाने भाकरीचा तुकडा त्याच हिशेबात बसतो. पण हा माझा अंदाज. आजी असं काही म्हणणार नाही.

तिची पुढची वाकळ संक्रांतीनंतर सुरू होईल, तोवर तुम्ही तिथेच आहात. कोपऱ्यावर बसायला नाही म्हणू नकोस. सुया तूच ओवून दे, तिला आता दिसत नाही आणि ती सांगत नाही. दोरा हातभरच घे, लांब घेतलास तर गाठी पडतात आणि शिव्या मला बसतात.

जोडाक्षरं अडली तर आईला विचार.

तुझा,
बाबा