मांजर आपलं, दवाखाना कुणाचा?

प्रश्न : नमस्कार ताई, मी 14 वर्षं इंग्लंडमधे, रेडिंगला राहतो. घरी अकरा वर्षांची मांजर आहे, मनी. तिला थायरॉइड निघालंय, रोज गोळी, दर काही महिन्यांनी ब्लड टेस्ट. दवाखाना जुनाच, पाटीही तीच, पण बिल बघून डोळे पांढरे झाले, मग कळलं की आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो कधीच एका मोठ्या ग्रुपला विकलाय. बायको म्हणते पैशाकडे बघू नकोस, आई पुण्याहून फोनवर म्हणते अरे एवढ्यात इथे एखाद्या मुलीचं शिक्षण होईल. मला दोघींचं पटतं. मांजरावर एवढा खर्च योग्य आहे का, आणि तोही असल्या कंपन्यांच्या घशात?

उत्तर : आधी आईंचं बघू. मनीची गोळी बंद केलीत तर ते पैसे खरंच एखाद्या मुलीच्या फीला जाणार आहेत का? नसतील तर तो हिशोब सोडा (जाणार असतील तर दोन्ही करा, मला तरी वाटतं तुम्हाला जमेल). अकरा वर्षं तुम्ही तिला पाळलंय, गोळी तुम्हीच देणार, त्यात नीतीचा फार मोठा पेच मला दिसत नाही.

घोळ आहे तो दुसऱ्या भागात. 2013 मधे ब्रिटनमधले जनावरांचे साधारण 10 टक्के दवाखाने मोठ्या ग्रुपांकडे होते, 2024 पर्यंत हा आकडा जवळपास 60 टक्क्यांवर गेला आणि मोठे ग्रुप म्हणजे फक्त सहा. त्यातला लिनियस हा मार्सचा, हो तीच चॉकलेटवाली मार्स, आणि व्हिस्कस, पेडिग्री, रॉयल कॅनिन हे कुत्र्यामांजरांचं खाणंही तिचंच. त्यातल्याच आयव्हीसी एव्हिडेन्सियामधे नेस्लेची भागीदारी, आणि प्युरिना हे खाणं 2001 पासून नेस्लेचंच. काही ग्रुपांकडे लॅब आहे, रात्रीचा इमर्जन्सी दवाखाना आहे, शेवटी दहन करायची सोयसुद्धा आहे, म्हणजे पिल्लापासून राखेपर्यंत सगळं एकाच गल्ल्यात. आणि पाटी बरेचदा बदलतच नाहीत, त्यामुळे दुसरीकडे जाऊ म्हणून पलीकडच्या रस्त्यावर गेलात तरी मालक तोच निघू शकतो. तिथली स्पर्धेवर लक्ष ठेवणारी संस्था, सीएमए, हिने 2023 मधे यात लक्ष घातलं आणि मे 2024 मधे रीतसर चौकशी लावली, ती उगाच नाही.

आजारी मांजर पिंजऱ्यात घेऊन चार ठिकाणी भाव कोण विचारत फिरेल? अडला हरी गाढवाचे पाय धरी. तुमची माया हीच त्यांची खात्रीची वसुली आहे, म्हणून लाज तुम्हाला वाटायचं कारण नाही. आणि "परवडत नाही त्याने पाळू नये" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही, कारण परवडणं म्हणजे किती हे भाव लावणाराच ठरवणार ना! मारिया डिकिन या बाईंनी 1917 मधे लंडनच्या व्हाइटचॅपलमधे गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला, त्याचीच पुढे पीडीएसए ही धर्मादाय संस्था झाली, ती आजही चालू आहे.

तुम्ही एक करा, लेखी प्रिस्क्रिप्शन मागा. त्याची फी घेतात, पण रोजची गोळी आहे म्हटल्यावर ऑनलाइन फार्मसीतून बरेचदा ती धरूनही स्वस्त पडतं. आणि दर टेस्टच्या वेळी विचारा की रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तेच राहणार आहेत का. फक्त काउंटरवरच्या मुलीवर चिडू नका, भाव तिने लावलेले नाहीत.

प्रश्न : मुलाला पगच हवाय. घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : नको. 2003 मधे हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो मुलामागे धावला आणि घरोघरी पग आले, पण त्या चपट्या नाकाने त्याला नीट श्वास घेता येत नाही, आपल्या उन्हाळ्यात तर हाल बघवत नाहीत. आधी जाहिरात, मग कुत्रा, मग त्याच्यासाठी रॉयल कॅनिनचं खास पगवालं पाकीट, मग श्वासाचं ऑपरेशन, प्रत्येक पायरीवर कुणीतरी कमावतंय आणि कुत्रा मात्र धापा टाकतोय. गल्लीतल्या गावठी पिल्लांपैकी एक निवडायला मुलाला सांगा, आणि आणल्याबरोबर आधी रेबीजचं इंजेक्शन कधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.